कार्डाचं पत्नीला सांगितलेलं नाही, आणि दोन वर्षांत कर्ज फेडायचंय

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत सुपरवायझर आहे, वय ३८. हातात ४४,००० पगार येतो. पत्नी घरी ब्लाऊज शिवते, तिचे महिन्याला सरासरी ६,००० होतात. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. वडिलांची अँजिओप्लास्टी आणि पाठोपाठ बहिणीचं लग्न, यात कर्ज झालं. पर्सनल लोनचे २,४०,००० बाकी आहेत, हप्ता ९,७००, व्याज १५ टक्के. पत्नीचं गंठण आणि पाटल्या ठेवून १,००,००० उचललेत, १२ टक्क्यांनी. मेहुण्याकडून ५०,००० हातउसने घेतलेत. क्रेडिट कार्ड मागच्या वर्षी पूर्ण भरलं होतं, आता पुन्हा ९०,००० वर गेलंय. दर महिन्याला किमान रक्कम भरतो. पत्नीला वाटतं कार्ड तेव्हाच बंद केलं. ५,००० ची भिशी आहे, २० जणांची. १२ चिठ्ठ्या निघाल्या, माझा नंबर लागलेला नाही. २,००० ची एसआयपी आहे, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला टाकायचा हप्ता, त्यात ५८,००० जमलेत. पाडव्याला ठरवलं होतं की दोन वर्षांत सगळं कर्ज फेडायचं आणि शिवाय महिन्याला १०,००० शिल्लक टाकायचे. तीन महिन्यांत मोडलं. आता एक एजंट म्हणतोय, पाच लाखांचं एकच लोन घ्या आणि सगळं मिटवून टाका. घ्यावं का? एसआयपी मोडू का? माझ्यात शिस्तच नाही असं वाटायला लागलंय.

नमस्कार,

शिस्तीपासूनच सुरुवात करते, कारण पत्रात तो शब्द चार वेळा आलाय आणि दर वेळी तुम्ही तो स्वतःला मारून घेतल्यासारखा वापरलाय. तुम्ही पर्सनल लोनचा एकही हप्ता चुकवलेला नाही. भिशीचे पैसे दर महिन्याला वेळेवर देता. गावी आईवडिलांना पैसे पाठवायचं थांबवलेलं नाही. बेशिस्त माणसाचं वागणं असं नसतं. तुमचा पाडव्याचा संकल्प मोडला तो गणितामुळे.

ते गणित बघा. चारही कर्जं मिळून ४,८०,००० होतात. दोन वर्षांत फेडायची तर व्याज न धरताही महिन्याला २०,००० लागतात. वर १०,००० शिल्लक टाकायची म्हणजे झाले ३०,०००. पत्रासोबत तुम्ही घरखर्चाची यादी पाठवलीत: भाडं ९,०००, किराणा-दूध-भाजी ११,०००, शाळा आणि क्लास ५,५००, पेट्रोल-गॅस-लाईट-मोबाईल ५,५००, गावी ३,०००. हे झाले ३४,०००. दोघांचे मिळून ५०,००० येतात, म्हणजे उरतात १६,०००. सोळा हजारांतून तीस हजार कुणालाच काढता येणार नाहीत. असं उद्दिष्ट ठरवलं की तिसऱ्या महिन्यात ते मोडतं, आणि मग माणूस उद्दिष्टावर रागवायचं सोडून स्वतःवर रागावतो.

दुसरी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कर्ज ऑपरेशन आणि लग्नामुळे झालं असं तुम्ही लिहिलंय. लोन, सोनं आणि मेहुण्यांचे पैसे यांच्याबाबत ते खरं आहे. कार्डाबाबत खरं नाही. कार्ड वर्षभरापूर्वी शून्यावर होतं. मग हे ९०,००० आले कुठून?

तुमचा महिना कागदावर मांडला तर उत्तर सापडतं. घरखर्च ३४,०००, लोनचा हप्ता ९,७००, कार्डाची किमान रक्कम ४,५००, भिशी ५,०००, एसआयपी २,०००. एकूण ५५,२००. येतात ५०,०००. म्हणजे ५,२०० दर महिन्याला कमी पडतात, आणि ते किराण्याच्या दुकानात आणि पेट्रोल पंपावर कार्ड पुढे करून भागवले जातात. शिवाय वर्षातून एकदा येणारे खर्च तुमच्या यादीत नाहीतच; पत्रात ते इकडे तिकडे विखुरलेत. जूनमध्ये वह्या-पुस्तकं, गणवेश आणि शाळेची फी मिळून १४,०००, एलआयसीचा हप्ता १६,०००, सोनं पलटी करताना, म्हणजे वर्ष झाल्यावर तेच कर्ज नव्यानं करून घेताना, भरायचं व्याज १२,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,०००, गणपती-दिवाळी-गावची जत्रा १०,०००. हे ५६,००० झाले. दिवाळीचा बोनस २४,००० येतो. राहिलेले ३२,००० बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला जवळपास २,७०० अजून. म्हणजे घर खरं तर दरमहा ७,९०० च्या आसपास तुटीत चाललंय. कुठलीही उधळपट्टी न करता कार्ड ९०,००० वर कसं गेलं, ते यात दिसतं. जून आणि दिवाळी दर वर्षी ठरलेल्या वेळी येतात, तरी बहुतेक घरांत ती ‘अचानक आलेला खर्च’ म्हणूनच धरली जातात.

आता कार्डाचं स्टेटमेंट उघडून शेजारी ठेवा. तुमच्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के आहे, बहुतेक कार्डांचा याच्या आसपासच असतो. ९०,००० वर महिन्याचं व्याज ३,१५०. त्यावर १८ टक्के जीएसटी, ५६७. झाले ३,७१७. तुम्ही किमान रक्कम भरता ४,५००. म्हणजे मुद्दल कमी होतं फक्त ७८३ रुपयांनी. वर्षाचा हिशेब धरला तर हे कर्ज तुम्हाला जवळपास ५० टक्क्यांनी पडतंय. त्यात जोवर मागची बाकी पूर्ण भरलेली नाही, तोवर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या तेलाच्या डब्यावर आजपासून व्याज सुरू होतं. म्हणून तुमच्या चार कर्जांपैकी घाई करायची ती फक्त याच एका कर्जाची. बाकी तिघांना थोडं थांबता येतं.

पण त्याआधी पत्नीला सांगा. कार्डाचं स्टेटमेंट तुम्ही ऑफिसच्या मेलवर मागवता, म्हणजे ते घरात कुणाच्या नजरेला पडू नये याची काळजी घेता. त्यामागची भीती मला समजते. मागच्या वर्षी तुम्ही सांगितलंत की कार्ड संपलं, त्या निश्चिंत झाल्या. आता पुन्हा तेच सांगायचं म्हणजे आपला शब्द गेला असं वाटतं. पण या घरातलं सगळ्यात मोठं तारण त्यांच्या अंगावरून उतरलेलं आहे. लग्नकार्याला त्या एक ग्रॅमचं गंठण घालून जातात हे तुम्हीच लिहिलंय. एवढं करणाऱ्या बाईला आकडा माहीत नसणं योग्य नाही, आणि व्यवहाराच्या दृष्टीनंही ते चालणार नाही. घरातलं किराण्याचं, क्लासचं, सणाचं ठरवतात त्या. तुटीचा आकडा त्यांना ठाऊक नसेल तर त्या पूर्वीसारखाच खर्च करणार, आणि तुम्ही गुपचूप कार्ड पुढे करणार. मग कितीही चांगली योजना आखली तरी ती चालवणारा एकच माणूस उरतो.

सांगताना नुसतं ‘कर्ज झालंय’ म्हणू नका. वरचा कागद घेऊन बसा, मुलं झोपल्यावर. त्या रागावतील. रागावू द्या, लगेच समजूत काढायला जाऊ नका. आणि त्याच रात्री काही ठरवायचा आग्रह धरू नका. दोन दिवसांनी पुन्हा तोच कागद काढा.

एजंटच्या पाच लाखांबद्दल. ‘एकच हप्ता’ ऐकायला बरं वाटतं. ४,८०,००० पाच वर्षांसाठी १५ टक्क्यांनी घेतले तर हप्ता साधारण ११,४०० येतो. आज लोन आणि कार्ड मिळून तुम्ही १४,२०० भरता, त्यामुळे सुटल्यासारखं वाटेल. पण पाच वर्षांत तुम्ही ६,८५,००० च्या आसपास परत कराल; प्रोसेसिंग फी आणि जुनं लोन मुदतीआधी बंद करायचं शुल्क वेगळंच. यात ५० टक्क्यांचं कार्ड १५ वर आलं हा फायदा खरा आहे. मात्र मेहुण्यांचं बिनव्याजी कर्जही १५ टक्क्यांचं झालं, आणि १२ टक्क्यांचं सोनंही. आणि मुख्य म्हणजे कार्ड रिकामं झालं, तूट मात्र जागेवर राहिली. मागच्या वर्षी कार्ड भरून टाकल्यावर जे झालं तेच पुन्हा होईल, फक्त या वेळी डोक्यावर पाच वर्षांचा हप्ता असेल. म्हणून नाही म्हणा. ज्यांच्याकडे भिशी किंवा दुसरी पुंजी नाही अशांनी कार्डापुरतंच स्वस्त कर्ज घ्यायला हरकत नाही. कंपनीत कामगारांची पतसंस्था असेल तर आधी तिथे विचारावं, नाहीतर कार्डाच्या बँकेलाच सांगून बाकी रक्कम हप्त्यांत बदलून घ्यावी. तिथे दर कार्डापेक्षा बराच कमी पडतो.

तुमच्याकडे भिशी आहे, आणि पत्रात तुम्ही तिचा उल्लेख जाता जाता केलाय. आठ चिठ्ठ्या राहिल्यात. तुमचा नंबर शेवटी लागला तर तोवर कार्ड महिन्याला ३,७०० प्रमाणे जवळपास ३०,००० खाऊन टाकेल. तेव्हा भिशी चालवणाऱ्यांना स्पष्ट सांगा की पैशांची नड आहे, पुढची चिठ्ठी ज्यांची निघेल त्यांना विचारून नंबर बदलून द्या. ओळखीच्या भिशीत हे चालतं. ज्याला घाई नसते तो खळखळ करत नाही. एक लाख हातात आला की त्याच दिवशी ९०,००० कार्डात भरा. कस्टमर केअरला फोन करून त्या दिवसाची पूर्ण बाकी विचारून घ्या, कारण स्टेटमेंटच्या तारखेनंतरचं व्याज पुढच्या महिन्यात थोडं दिसतं; तेही भरून टाका. मग कार्ड बंद करायचा लेखी अर्ज द्या. बाकी शून्य असेल तर बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कार्ड ठेवून ‘वापरणार नाही’ असं ठरवणं काहींना जमतं. तुमच्या घरात तूट पूर्ण संपेपर्यंत ते नसलेलंच बरं.

नंबर बदलून मिळालाच नाही तर एसआयपीतले ४०,००० काढून कार्डात भरा आणि भिशी लागली की राहिलेलं संपवा. कुठलाही म्युच्युअल फंड ५० टक्क्यांच्या कर्जाशी शर्यत लावू शकत नाही. पण नंबर मिळाला तर एसआयपीचं अख्खं मोडू नका. नवे हप्ते तेवढे थांबवा, आणि जमलेल्यातले २५,००० काढून दुसऱ्या बँकेत, ज्याचं यूपीआय मोबाईलवर नाही अशा खात्यात ठेवा.

इथे तुम्ही म्हणाल, आधी कर्ज संपवू, शिल्लक नंतर टाकू. असं मानणारे फार जण भेटतात. दर कर्जाचा जास्त आणि ठेवीचा कमी, हे बरोबरच आहे. पण घरात एक रुपयाही राखीव नसेल तर मुलाचा डेंग्यू किंवा गाडीचं इंजिन थेट नव्या कर्जात जाऊन पडतं. ते २५,००० तिथे व्याज कमावण्यासाठी नाहीत. पुढचं कार्ड उघडावं लागू नये म्हणून आहेत. त्यातून काढलेच तर कशासाठी काढले ते दोघांनी लिहून ठेवा आणि पुन्हा भरा.

आता पुढचे महिने. कार्ड गेलं, एसआयपी थांबली, वार्षिक खर्चाचे २,७०० दरमहा बाजूला काढायला लागलात, तरीही पहिले आठ महिने तूट राहीलच, साधारण १,४०० ची. आठ महिन्यांचे ११,००० होतात. भिशीतले उरलेले १०,००० त्यासाठीच आहेत; जेमतेम भागेल. या आठ महिन्यांत शिल्लक, गुंतवणूक यातलं काहीच होणार नाही, आणि तसं झालं तर काही बिघडलं असं समजू नका. या काळाचं उद्दिष्ट एवढंच आहे की नवं कर्ज शून्य. नवव्या महिन्यापासून भिशीचे ५,००० सुटतील आणि हातात ३,६०० उरतील. त्यातले २,००० मेहुण्यांना, १,६०० सोन्याच्या मुद्दलात. तिसाव्या महिन्याच्या सुमारास पर्सनल लोन संपेल. तोवर मेहुण्यांचे ४४,००० आणि सोन्याचे ३५,००० फिटलेले असतील. मग लोनच्या हप्त्याचे ९,७०० मोकळे झाले की उरलेलं सगळं सहा महिन्यांत संपतं. म्हणजे तीन वर्षं. तुम्ही ठरवलेल्या दोन वर्षांपेक्षा एक जास्त, पण यात गावचे ३,००० थांबत नाहीत, क्लास बंद होत नाही आणि राखीव रक्कम हातात राहते. पगारवाढ आणि ओव्हरटाईम मी यात धरलेलाच नाही.

मेहुण्यांना मात्र नवव्या महिन्यापर्यंत थांबवू नका. पैसे तेव्हा द्या, फोन आज करा. दोन वर्षं झाली, त्यांनी मागितले नाहीत, आणि तुम्ही त्यांच्या घरी जायचं टाळता असं लिहिलंय. अमुक महिन्यापासून दर महिन्याच्या सात तारखेला दोन हजार पाठवीन, असं तारीख घालून सांगा. हातउसन्या पैशांवर व्याज नसतं, त्यामुळे आकड्यांच्या हिशेबात ते शेवटी यायला हवेत हे मान्य. तरी मी त्यांना आधी घेतलं, कारण तुमच्या पत्नीला माहेरी जाताना जो संकोच होतो त्याची किंमत कुठल्याच दरात धरलेली नसते.

सोन्याचा निर्णय मी देणार नाही. ते पत्नीचं स्त्रीधन आहे. भिशीचा एक लाख आला की ‘आधी माझं गंठण सोडवा’ असं त्या म्हणू शकतात, आणि त्यांचा तो हक्क आहे. त्यांना दोन्ही आकडे शेजारी दाखवा: सोन्यावर महिन्याला १,००० व्याज जातं, कार्डावर ३,७००. एवढं पाहून त्या काय म्हणतात ते ऐका. मात्र सोन्याचं व्याज एकाही वर्षी चुकू देऊ नका, थकलं तर लिलावाची नोटीस येते. थोडं मुद्दल भरल्यावर काही दागिने सोडता येतात का, हेही बँकेत विचारा. पाटल्या आधी घरी आल्या तर दोघांनाही हुरूप येईल.

एलआयसी चालू ठेवा, कर्ज असेपर्यंत तुमच्यामागे घराला आधार हवा. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना नसेल तर वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचं संरक्षण मिळतं, बँकेतच अर्ज होतो. पीएफला हात लावू नका. आणि या सगळ्याची सुरुवात वडिलांच्या आजारपणापासून झाली, म्हणून कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडिलांना घेता येतं का ते एचआरला विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना लागू आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत, आणि हृदयाचे उपचार त्यात येतात. गावाजवळचं कुठलं रुग्णालय योजनेत आहे ते आजच माहीत करून ठेवा, रात्री दोन वाजता शोधायची वेळ नको.

असंच पत्र ज्यांना लिहावंसं वाटतंय, पण ज्यांचे हप्ते आधीच थकलेत, त्यांच्यासाठी थोडं. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, नातेवाइकांना गाठून बदनामी करता येत नाही. तसं होत असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. सेटलमेंटची, म्हणजे कमी रक्कम घेऊन खातं मिटवायची, ऑफर आली तर सही करण्याआधी हे लक्षात घ्या की कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलच्या अहवालात खातं ‘सेटल्ड’ असं दिसतं आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना ते आडवं येतं. गावात कुणी विनापरवाना सावकारी करत असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याच्या कार्यालयात, तक्रार करता येते.

तुमच्यासाठी एक शेवटचं. मुलगी पुढच्या वर्षी दहावीला जाईल आणि त्यानंतर अकरावी. तीन वर्षांच्या या आराखड्यात तो एकच मोठा खर्च आहे जो मी धरलेला नाही, कारण तो तिला काय शिकायचंय यावर ठरेल. कार्ड बंद झालं की पुढच्या महिन्यातच तिला घेऊन बसा आणि तिचा विचार विचारा. नववीतल्या मुलीला घरात पैशांची ओढाताण आहे हे कळतंच. क्लासची फी भरायच्या दिवशी ती गप्प होते, हे तुम्हीच लिहिलंय.